आधी पेढा, मग बातमी

नापास झाल्याचे पेढे तुम्ही कधी खाल्लेत का?

पास झाल्याचे नाही विचारत मी. ते सगळेच खातात, आणि त्यातले निम्मे खाताना स्वतःच्या पोराचे मार्क आठवून मनात जळत असतात. मी विचारतेय नापास झाल्याचे. म्हैस आटल्याचे. विहिरीवरची मोटार जळाल्याचे. जावयानं नवीकोरी गाडी कॅनॉलमध्ये घातल्याचे. मी खाल्लेत. आमच्या अख्ख्या आळीनं खाल्लेत. कारण आमच्या घराला लागूनच नाना हवालदारांचं घर आहे.

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात फौजेतून परत आलेली माणसं पुष्कळ. कुणी स्वतःबरोबर सगळ्या गल्लीला पहाटे उठवतं, कुणी दिवसभर मिशांची निगा राखतं, कुणी साताऱ्यात बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतं. नाना फौजेत ड्रायव्हर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवला आणि पेन्शनीत आल्यावर एकच काम हाती घेतलं. घरात काहीही घडलं की साताऱ्याचे कंदी पेढे आणायचे आणि दारोदार वाटायचे. काहीही म्हणजे काहीही. लेकीला नोकरी लागली, पेढे. पत्र्याचं शेड वाऱ्यानं उडून दुसऱ्याच्या उसात पडलं, पेढे. खोका तोच, चाल तीच आणि चेहराही तोच.

पद्धत ठरलेली. तुमच्यासमोर येऊन टाचा जुळवायच्या, खोका उघडायचा आणि हुकूम सोडायचा, "तोंड उघडा!"

त्या आवाजात अशी काही जरब आहे की समोर कुणीही असो, तोंड आपोआप उघडतं. पेढा आत जातो. तुम्ही तो गिळेपर्यंत नाना एक अक्षर बोलत नाहीत. मग म्हणतात, "चला, हे बी झालं!" आणि त्यानंतर बातमी.

म्हणजे गोड आधी, आणि गोड कशाचं ते नंतर! आमच्या शाळेचे हेडमास्तर एकदा गालात पेढा धरून, तोंडभर हसत "अभिनंदन, अभिनंदन!" म्हणाले. नाना म्हणाले, "म्हैस आटली." हेडमास्तरांचं हसू परत फिरेना आणि दुःख आत शिरेना. नानांनीच त्यांना धीर दिला, "चेहऱ्याचं मागनं बघा, सर. आधी गिळा."

मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, "नाना, चांगल्या बातमीचा आणि वाईट बातमीचा पेढा वेगवेगळा का नाही आणत?"

"पेढेवाल्याला कुठं ठावं असतंय गं, माझ्या घरात काय झालंय ते?"



फक्त एका माणसाचं तोंड त्या हुकमाला उघडत नव्हतं. बापूंचं. बापू म्हणजे नानांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांची घरं शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी दगडी भिंत. पाच वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. तरीही दर वेळी, सगळी आळी फिरून झाली की नाना शेवटचा पेढा त्या भिंतीवर ठेवायचे, दगडावर बोटानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "बापू, ठेवलाय बघ." आतून बापू टीव्हीचा आवाज वाढवायचे. पेढा तसाच. आधी मुंग्या यायच्या, मग कावळा येऊन उचलून न्यायचा. नाना ओसरीवरच्या खाटेवर बसून ते सगळं बघायचे आणि पुढच्या बातमीला पुन्हा तिथेच पेढा ठेवायचे. आमच्या आळीतले कावळे गळ्यापर्यंत गोड झाले, पण बापू हलले नाहीत. नानांना आयुष्यात दुसरं काही मागायचं नव्हतं. बापूनं एकदा तो पेढा उचलावा, एवढंच. आणि हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

भांडण बांधाचं नव्हतं, पाण्याच्या पाळीचं नव्हतं. भांडण पेढ्याचंच होतं.

त्यांची आई गेली, पिकल्या पानासारखी. तिसऱ्या दिवशी नदीवर सावडायला सगळा गाव जमला. रक्षा पाण्यात सोडून झाली, माणसं वाळूत रांगेनं बसली, आता कुणीतरी उठून श्रद्धांजलीचं बोलणार, एवढ्यात नानांनी पिशवीतून खोका काढला. टाचा जुळवल्या. म्हणाले, "तोंड उघडा."

सुतकात! गोडाचा दिवस तेराव्याला. तिसऱ्या दिवशी घरात फोडणीसुद्धा पडत नाही, आणि हा थोरला लेक आईच्या राखेपाशी पेढे वाटतोय! बापूंनी खालून लाथ मारली. खोका उडाला, पेढे ओल्या वाळूत घरंगळत गेले. "आई मेल्याचं गोड वाटतोयस? आजपास्नं तू बी मला मेलास!"

नानांनी वाळूतला एकेक पेढा उचलला, फुंकर मारून खोक्यात ठेवला आणि घरी आले. का वाटले, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते, आणि खरं सांगते, मला बापूंचं पटलं होतं. माझे वडील साताऱ्याच्या एमआयडीसीत कामगार, युनियनचे जुने कार्यकर्ते. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. मला अक्षरओळख झाली तीच 'कामगार बंधूंनो' या शब्दांवर. निषेध कसा करायचा हे मला भाकरी थापण्याच्या आधी आलं. अशा मुलीला 'दुःखातही आनंदी राहा' असं कुणी म्हटलं की तिच्या अंगाची लाही होते. कारण हे वाक्य नेहमी कोण कुणाला सांगतं ते बघा. ज्याच्या नळाला पाणी येतं, तो ज्याच्या नळाला येत नाही त्याला सांगतो!

म्हणून एका उन्हाळ्यात मी नानांना भर आळीत अडवलं. गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. पिकं वाळत होती, आजारी माणसं उकाड्यानं तळमळत होती, आणि नाना खोका घेऊन हिंडत होते.

"नाना, रागवायच्या ठिकाणी रागवायला पाहिजे! तुम्ही लोकांना पेढे चारून त्यांचा राग थंड करताय."

"तोंड उघड."

"मी खाणार नाही. हा माझा निषेध आहे."

"मग हातात धर. निषेध संपला की खा." नाना खोका बंद करत म्हणाले, "पत्रकवाले, पेढा येगळा आन् भांडण येगळं. पेढा आजचा हाय. भांडायला उद्या जायाचंय. रडक्या तोंडानं गेलं की सायेब म्हणतोय, दया करतो. मला दया नगं, ट्रान्सफॉर्मर पायजे."

दुसऱ्या दिवशी ते कोरेगावला वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. मी पाठोपाठ गेले, माझं जळजळीत निवेदन घेऊन. नाना साहेबांच्या टेबलासमोर टाचा जुळवून उभे. "तोंड उघडा!" साहेबांनी उघडलं. पेढा गेला. साहेब खूश होऊन म्हणाले, "वा! कशाबद्दल?" नाना म्हणाले, "तुमचा ट्रान्सफॉर्मर जळाल्याबद्दल." आणि समोरच्या बाकावर ताठ बसले. भाकरी बांधून आणली होती. ऑफिस बंद होईपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेढा, पुन्हा बाक. साहेबांना घास गिळता येईना आणि टाळताही येईना. त्याच आठवड्यात गावात ट्रान्सफॉर्मर आला! माझं निवेदन अजून त्या टेबलावर असेल, पेपरवेटखाली.

सांगलीतही तेच. एका वर्षी कृष्णेचं पाणी नानांच्या लेकीच्या घरात छातीपर्यंत चढलं. तिला आणि तिच्या गल्लीला एका शाळेत आणून ठेवलं होतं. पाणी उतरायला लागल्याबरोबर नाना तिथे पोचले, पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, खोका डोक्यावर. ज्यांच्या घरात चिखलाशिवाय काही उरलं नाही अशा माणसांपुढे जाऊन म्हणाले, "तोंड उघडा!" लेक सांगत होती, "मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं." कुणी हलेना. शेवटी एका कोपऱ्यातल्या मोमीन आजीनं तोंड उघडलं, पेढा खाल्ला आणि विचारलं, "कशाचा रं बाबा?" नाना म्हणाले, "माझ्या लेकीचं सगळं वाहून गेलं, त्याचा." आजी म्हणाली, "मग माझ्या फ्रिजचा बी दे एक." आणि पुराचं पाणी आल्यापासून पहिल्यांदा तो हॉल हसला. त्याच हसण्यात कुणीतरी उठून झाडू हातात घेतला.

हे ऐकल्यापासून मी नानांशी वाद घालणं सोडलं. थोडंसं.

मग गेल्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि बापू सरपंचपदाला उभे राहिले. खालच्या आळीला नळ नाही, बाया अजून लांबून हंडे वाहतात, एवढ्या एका मुद्द्यावर. मला तर आभाळ ठेंगणं झालं! बापूंची सगळी पत्रकं मी लिहिली. 'नळ आमच्या हक्काचा, हंडा कुणाच्या डोक्याचा?' वडिलांनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "रक्त बोलतंय."

एका सकाळी नाना आमच्या घराच्या भिंतीआडून खुणावू लागले. "पत्रकवाले, एक गठ्ठा दे. कोरेगावच्या बाजारात आपल्या गावची लय माणसं असत्यात, वाटतो. पण बापूला सांगू नगंस. कळलं तर सगळी फाडून टाकील."

ज्या भावानं मेला म्हटलं, त्याच्यासाठी हा माणूस उन्हात उभा राहून पत्रकं वाटत होता. आणि देताना सवयीनं म्हणत होता, "तोंड उघडा... न्हाई न्हाई, हात, हात!"

मतमोजणी कोरेगावात झाली. बापू पडले. निसटते नाही, सपाटून पडले. खालच्या आळीनं, जिच्यासाठी ते उभे होते, तिनंसुद्धा त्यांना मतं दिली नाहीत. बापू गावात परतले, कुणाकडे न बघता घरात शिरले आणि आतून कडी घातली.

दुपार झाली, तरी दार उघडेना. धाकट्या काकी, म्हणजे बापूंची बायको, पायरीवर बसून दाराला डोकं टेकून म्हणत होत्या, "आवं, कडी तरी काढा. सकाळपास्नं पोटात काय न्हाई." आतून हूं नाही की चूं नाही. बापू मानी माणूस. घरात फवारणीचं औषध होतं, हे कुणी बोललं नाही, पण आम्ही सगळे त्या बंद दाराकडे तेच मनात धरून बघत होतो. मी उरलेली पत्रकं छातीशी धरून उभी होते.

तेवढ्यात जिंकलेल्या सर्जेरावांची मिरवणूक आमच्या आळीत वळली. गुलाल, डीजे, पुढे नाचणारी पोरं. मुद्दाम बापूंच्या दारात थांबली. एकानं आरोळी ठोकली, "बापू, या की भाईर! गुलाल लावतो!" शिट्ट्या. 

आणि आळीच्या दुसऱ्या टोकाला नाना दिसले. हातात खोका. नेहमीचा पाव किलोचा नाही, दुकानातला सगळ्यात मोठा.

माझे वडील पुटपुटले, "आता डोकी फुटणार."

नाना बापूंच्या दाराकडे आलेच नाहीत. पहिल्या घरापासून सुरू केलं. टाचा, खोका, हुकूम. "तोंड उघडा! चला, हे बी झालं. माझा भाऊ पडला." पुढचं घर. "तोंड उघडा! माझा भाऊ पडला." एकही दार सोडलं नाही. मिरवणुकीतल्या पोरांना चारला. डीजेवाल्यापुढे उभे राहिले, त्यानं तोंड उघडण्याच्या नादात गाणंच बंद केलं. आणि मग थेट सर्जेराव. कपाळापासून मानेपर्यंत गुलाल, गळ्यात हार. "तोंड उघड!" सर्जेरावांचं तोंड उघडलं, त्यांनाही आवरता आलं नाही.

"माझा भाऊ पडल्याचा हाय. गिळ नीट. आन् ध्यानात ठेव, आता खालच्या आळीला पाणी तुला आणायचंय. पेढा खाल्लायस तू."

त्या शांततेत एकेक शब्द बापूंच्या दारावर जाऊन आदळत होता. कडी खाडकन वाजली. दार उघडलं. बापू बाहेर आले, डोळे लाल, हातात चप्पल.

"लाज न्हाई वाटत तुला? भाऊ पडल्याचं गावभर सांगत हिंडतोयस?"

पाच वर्षांनी ते नानांशी बोलले होते. नानांनी टाचा जुळवल्या.

"वाटत्या की, बापू. म्हणून तर सांगून टाकलं. शेवटच्या घरापातूर सांगून आलो. आता तुला कुणाला सांगायचं ऱ्हायलं न्हाई, आन् कुणापास्नं लपायचं बी ऱ्हायलं न्हाई. ये भाईर. जेवून घे."

बापूंचा चपलेचा हात वरच थांबला. मग हळूहळू खाली आला.

"हे आईचं बोलणं हाय," ते म्हणाले.

मग दोघांच्या बोलण्यातून आम्हाला कळलं. नाना तरणे असताना साताऱ्याला भरतीला गेले, तेव्हा छाती मापात बसली नाही म्हणून परत पाठवलं. गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून ते गोठ्यात जाऊन बसले ते बाहेर येईनात. त्यांच्या आईनं पेढे आणले. पोराला दंडाला धरून उठवलं, हातात खोका दिला आणि दारोदार नेलं. प्रत्येक दारात ती स्वतः सांगत होती, "पोरगं भरतीत पडलं, तोंड गोड करा." शेवटचं घर झाल्यावर म्हणाली, आता कुणापासनं लपणार? चल, जेवून घे. पुढच्या भरतीला नाना ताठ मानेनं गेले आणि घेतले गेले.

"मी बी हुतो मागनं," बापू म्हणाले.

"हुतास की. निम्मा खोका तूच संपवलास, लबाडा."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बापू हसले नाहीत. त्यांनी चप्पल खाली टाकली आणि पाच वर्षं कुणीच न विचारलेलं विचारलं, "मग दादा, सावडायच्या दिवशी... ते का रं केलंस?"

नानांच्या जुळलेल्या टाचा पहिल्यांदाच सुटल्या. म्हातारे दिसायला लागले एकदम.

"आई गेल्यावर मला परत गोठ्यात जाऊन बसावं वाटलं, बापू. आन् दंडाला धरून भाईर काढणारी तीच गेलती. मग मीच माझा खोका घिऊन निघालो."

 सर्जेरावांनी गळ्यातला हार काढून हातात धरला.

खोक्यात तळाशी एक पेढा राहिला होता. नानांनी तो उचलला, पण हुकूम काही तोंडातून फुटेना. बापूंनीच तो त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "आधी तू."

मी ओरडले, "बापू, नको! नानांना शुगर आहे!" आळीत सगळ्यांना हे माहीत होतं. नानांनीच सांगितलेलं. या पाच वर्षांत त्यांना पेढा खाताना कुणी पाहिलं नव्हतं.

"कसली आलीय शुगर!" मागून नानांच्या घरच्या, थोरल्या काकी, पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "त्या वाळूतल्या दिवसापास्नं कणभर गोड तोंडात घातलं न्हाई ह्यांनी. म्हणायचे, बापू खाईल तवा खाईन. माझ्या हातची पुरणपोळी बी उपाशी मेली!"

बापूंनी पेढा मधोमध फोडला. भावासमोर उभे राहिले आणि, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, टाचा जुळवल्या.

"तोंड उघड," बापू म्हणाले.

गावभराची तोंडं उघडायला लावणाऱ्या माणसाचं तोंड त्या दिवशी आम्ही उघडलेलं पाहिलं. अर्धा पेढा त्यात गेला, उरलेला अर्धा बापूंनी स्वतःच्या तोंडात टाकला. मग आधी कोण ओरडलं ठाऊक नाही, पण हरलेल्या माणसाच्या दारात एवढा जल्लोष आमच्या तालुक्यात तरी झाला नसेल! डीजेवाल्यानं गाणं पुन्हा लावलं, या वेळी कुणासाठी ते त्यालाच ठाऊक. आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायत उघडल्यापासून सरपंचांच्या टेबलासमोर बाकावर दोन भाऊ ताठ बसलेले दिसले, मध्ये खोका ठेवून. अजूनही बसतात. खालच्या आळीच्या नळासाठी चर खणून झालेत, पाइप यायचे आहेत. मी नवं पत्रक लिहायला घेतलंय.

पण त्याच्या आधी हे तुमच्यासाठी. तुमच्याही घरात काहीतरी आटलंय, जळालंय, पडलंय. तुम्ही कडी लावून बसला आहात, किंवा शेजारचं दार कालपासून उघडलेलं नाही हे बघूनही गप्प आहात. आज दिवस मावळायच्या आत थोडे पेढे आणा. पेढे नसतील तर गूळ चालेल. पहिल्या दारापासून सुरू करा. आधी तोंड गोड करा, मग काय झालं ते मोठ्यानं सांगा. आणि एक सांगते, नानांना ते जमायला पाच वर्षं लागली: ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याचा पेढा भिंतीवर ठेवून कावळ्याची वाट बघू नका. भिंतीला वळसा घाला आणि त्याच्या दारात जा.